धुरेचे घोडे, कडेचे घोडे

माझ्या हस्तलिखितात जिथे जिथे ‘ट्रॉयका’ हा शब्द आला होता, तिथे तिथे आत्याने पेन्सिलीने खूण केली होती. पहिल्या खुणेशेजारी समासात लिहिलं होतं : ‘त्र्यश्व का नाही?’ पुढच्या खुणांपाशी काहीच लिहिलेलं नव्हतं. प्रश्न तोच आहे हे मला कळावं, अशी तिची अपेक्षा.

आत्या नाशिकला असते. उभी हयात तिने संस्कृत शिकवलं, आणि माझं कुठलंही भाषांतर छापायला जाण्याआधी तिच्या नजरेखालून जातं. या वेळचं पुस्तक म्हणजे निकोलाय गोगोल यांची ‘मृत आत्मे’ ही १८४२ साली प्रसिद्ध झालेली रशियन कादंबरी. चिचिकोव नावाचा गृहस्थ गावोगाव हिंडून जमीनदारांकडून त्यांच्या मेलेल्या भूदासांची नावं विकत घेतो, आणि हे सगळं हिंडणं तीन घोड्यांच्या जोरावर चालतं. घोडागाडीचे शब्द चुकले तर हे पुस्तक चुकेल, यावर आमचं दोघींचं एकमत होतं. ते शब्द आणायचे कुठून, यावर मात्र आमची चांगलीच जुंपली.

“‘ट्रॉयका’ वाचून मराठी वाचकाला काय दिसणार?” आत्याने सुरुवात केली. “फार तर तिघा पुढाऱ्यांचं त्रिकूट. वर्तमानपत्रांनी तो शब्द तसाच वापरलाय. ‘त्र्यश्व’ म्हटलं की निदान घोडे तरी डोळ्यांपुढे येतात. आणि तो एक शब्द घेतलास की पुढची रांग तयारच आहे : द्व्यश्व, चतुरश्व, षडश्व. सप्ताश्व तर सूर्याचं नावच आहे. रोमन लोकांनी हेच केलं ना? दोन घोड्यांची बिगा, तिघांची ट्रिगा, चौघांची क्वाड्रिगा. सगळे एका साच्यातले. तुझ्यानंतर रोमचा इतिहास कुणी मराठीत आणला तर त्यालाही हे शब्द कामाला येतील. प्रत्येक भाषांतरकार आपल्या पुस्तकापुरता एकेक परका शब्द उचलत राहिला, तर भाषेच्या पदरात काय पडणार?”

“पहिली गोष्ट, ट्रॉयका हे गाडीचं नावच नाही,” मी म्हणाले. “चिचिकोवची गाडी आहे ब्रिच्का. अर्ध्या छपराची, चार चाकांची. हिवाळ्यात हीच ट्रॉयका बर्फावरच्या घसरगाडीला जुंपतील, टपालवाला ती उघड्या तेलेगाला जुंपेल. ट्रॉयका म्हणजे घोड्यांचा संच, आणि नुसते तीन घोडे म्हणजेही ट्रॉयका नाही. तिघे एका ओळीत, शेजारी शेजारी. मधला घोडा दोन दांड्यांच्या आत. त्याच्या मानेवर लाकडाची वाकवलेली कमान, तिला ‘दुगा’ म्हणतात. कमानीची दोन टोकं दोन दांड्यांना आणि गळ्यातल्या जाड पट्ट्याला आवळून बांधलेली, आणि कमानीखाली घंटा. बाजूचे दोघे दांड्यांच्या बाहेर. त्यांच्या अंगाला फक्त ओढायचे पट्टे. मधला दुडक्या चालीने चालतो, बाजूचे दोघे माना बाहेरच्या बाजूला वळवून दौडतात. एकाच गाडीला एकाच वेळी दोन चाली. यातलं ‘त्र्यश्व’मध्ये काय आलं?”

“आणि ‘ट्रॉयका’मध्ये काय आलं? रशियन भाषेत त्याचाही अर्थ ‘तिघांचा संच’ एवढाच ना?”

ते खरं होतं. रशियन माणसाला त्या शब्दातून कमान, घंटा आणि दोन चाली ऐकू येतात, कारण ती गाडी त्याच्या दारावरून गेलेली असते. तो शब्द मराठीत आणला की त्याच्याबरोबर यातलं काहीच येत नाही. पण माझी खरी अडचण गाडीच्या नावाची नव्हतीच. म्हणून मी आत्याला तिसरं प्रकरण काढायला सांगितलं.

तिथे कोचवान सेलिफान दारू पिऊन गाडी हाकतोय. मालकाच्या घोड्यांशी तो माणसांशी बोलावं तसा बोलतो. मधला घोडा तांबूस-काळा, डावीकडच्याचं नाव ‘असेसर’, म्हणजे न्यायसभेचा सभासद, आणि उजवीकडे एक ठिपक्यांचा घोडा. मधला आणि डावीकडचा जीव तोडून ओढतायत. ठिपक्यांचा मात्र नुसता ओढल्याचा देखावा करतोय, आणि सेलिफानची सगळी बोलणी त्याच्या वाट्याला येतायत.

“आता मला सांग,” मी म्हणाले, “कामचुकारपणा उजवीकडच्यालाच का जमतो? मधल्याला का नाही जमत?”

आत्या थोडा वेळ पानाकडे बघत राहिली. “मधला बांधलेला आहे,” ती म्हणाली.

“हो. मधल्याच्या अंगावर दांड्या आहेत. गाडी पुढे सरकली की त्याला सरकावंच लागतं, उतारावर गाडी अंगावर आली की त्यानेच ती मागे रेटून धरायची. बाजूच्याचा संबंध फक्त पट्ट्याशी. त्याने पट्टा जरा सैल पडू दिला तरी तो धावताना दिसतो, गाडी दुसऱ्यांच्या जिवावर चालत राहते. गोगोलने लबाड घोडा बाजूला जुंपला तो उगाच नाही. मी जर ‘त्र्यश्वातील उजवा घोडा’ लिहिलं, तर वाचकाला एक आळशी घोडा दिसेल. त्याच्या आळसाला वाव कुठून मिळाला, ते दिसणार नाही. आणि हेच पुस्तकभर चाललंय, आत्या. ज्यांच्या अंगावर ओझं बांधलेलं आहे ते, आणि जे शेजारून धावल्यासारखं करतात ते.”

“म्हणजे तुला घोडे मोजणारा शब्द नकोय, घोड्याची जागा सांगणारा हवाय.” आत्याचा आवाज एकदम शिकवण्याचा झाला. “मग तर तू माझ्याच दाराशी आलीस. जागा सांगणारे शब्द संस्कृतात जेवढे आहेत तेवढे तुझ्या रशियनमध्येही नसतील.”

आणि तिने सौप्तिकपर्व काढलं. अश्वत्थाम्याने रात्री पांडवांच्या शिबिरात संहार केल्यावर भीम त्याच्या मागे धावतो, आणि भीमाला गाठायला कृष्ण आपला रथ काढतो. अशा धांदलीच्या क्षणीही महाभारतकार थांबून कुठला घोडा कुठे जुंपला होता ते सांगतो. उजव्या धुरेला शैब्य, डावीकडे सुग्रीव, आणि मेघपुष्प व बलाहक हे दोघे पार्ष्णिवाह.

“चार घोडे, पण दोन प्रकारचे,” आत्या म्हणाली. “शैब्य आणि सुग्रीव धुरेचे, म्हणून धुर्य. मेघपुष्प आणि बलाहक कडेचे, म्हणून पार्ष्णिवाह. त्याच्याही आधी ऋग्वेदात मरुतांच्या रथाला एक तांबडा ‘प्रष्टि’ आहे. बाजूला जुंपलेला घोडा, असा त्याचा अर्थ सहसा लावतात. म्हणजे तुझा ठिपक्यांचा लबाड घोडा वेदकाळापासून आपल्याकडे आहे. पाणिनीने तर लागोपाठच्या सूत्रांत हे शब्द घडवून दाखवलेत. रथ ओढणारा तो रथ्य, जू ओढणारा युग्य, धुरा वाहणारा धुर्य किंवा धौरेय. एकच धुरा वाहणारा एकधुरीण, सगळी धुरा वाहणारा सर्वधुरीण. एवढं भांडार घरात असताना तू ट्रॉयका घेऊन बसलीयस.”

शैब्य आणि सुग्रीवाचा तो श्लोक मी कधी तरी वाचलेला होता, पण घोड्यांची नावं म्हणून. त्यात जुंपणीचा आराखडा आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. रोमन क्वाड्रिगाची रचनाही अगदी हीच होती. चौघे एका ओळीत, मधले दोघे जुवाला, कडेचे दोघे फक्त पट्ट्यांवर. शर्यतीत रथ डावीकडे वळायचे, तेव्हा डाव्या कडेच्या घोड्यावर सगळी मदार असायची. तो बिचकला की रथ दगडी खांबावर आदळलाच. सारथी लगामाच्या वाद्या कमरेला गुंडाळायचे, आणि रथ उलटला तर त्या कापता याव्यात म्हणून जवळ सुरी ठेवायचे. ऑलिम्पियात चार घोड्यांच्या रथांची शर्यत इ. स. पू. ६८० मध्ये सुरू झाली, असं ग्रीक परंपरा सांगते. कुरुक्षेत्र, ग्रीस, रोम, रशिया. इतक्या दूरदूरच्या लोकांनी मधले बांधलेले आणि कडेचे सुटे ही एकच युक्ती वापरली, याचं मला आजही नवल वाटतं.

तरीही ‘पार्ष्णिवाह’ मला पानावर नको होता.

“पार्ष्णि म्हणजे टाच,” मी म्हणाले. “वाचकाला हे मुळात ठाऊक नाही, आणि ठाऊक असलं तरी टाचेवरून तो कडेच्या घोड्यापर्यंत कसा पोचणार? तो शब्द ज्यांच्या तोंडी होता, ते रथ जुंपत होते. आपण हजारो वर्षांत जुंपलेले नाहीत. सेलिफान गाडी हाकणारा अडाणी माणूस आहे, त्याच्या तोंडी मी प्रष्टि घालू?”

“सेलिफानच्या तोंडी नको. निवेदकाच्या तोंडी घाल.”

“निवेदकही घोड्यांच्या गोष्टी कोचवानाच्याच भाषेत सांगतोय. तीच तर या पुस्तकाची गोडी आहे.”

“मग मराठी कोचवानाची भाषा आण,” आत्या म्हणाली. “कुठे आहे ती?”

हा प्रश्न मला टोचला, कारण ती भाषा मी आधीच शोधून पाहिली होती. मराठीत घोड्याचे शब्द थोडेथोडके नाहीत. पागा, बारगीर, शिलेदार, खोगीर, रिकीब, तोबरा, चंदी, खरारा, मोतद्दार, नालबंद. नीट पाहिलं तर हे सगळे शब्द घोड्यावर बसणाऱ्याचे आणि त्याची निगा राखणाऱ्याचे आहेत. घोड्याने ओढायचं असतं ही कल्पनाच या शब्दांत नाही. मराठ्यांचं राज्य घोडेस्वारांनी उभं केलं, ओझं मात्र बैलांनी वाहिलं. तोफासुद्धा बैलच ओढत. आजही आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींचा रथ बैल ओढतात, आणि माउलींचा अश्व पाठीवर स्वार न घेता सोबत चालतो. रथ आणि घोडा एकाच सोहळ्यात आहेत, पण घोडा रथाला जुंपलेला नाही.

मी हे बोलून दाखवलं, तेव्हा आत्याने लगेच दुसरी बाजू लावून धरली. “मग बैलांकडून शब्द घे. काळ्या जमिनीत सहाबैली, आठबैली नांगर चालायचे. माझ्या आजोळी नांगराला चार जोड्या मागेपुढे जुंपलेल्या मी पाहिल्यात. पुढच्या जोडीला वेगळे बैल लागतात, नांगराजवळच्या जोडीला वेगळे. पुढची जोडी चपळ हवी, इशारा कळणारी. मागची जोडी ताकदीची. हे सगळं शेतकरी रोज बोलत होते.”

हे मला मनापासून पटलं. इंग्रजांचे चार घोड्यांचे शब्द मी तिला सांगितले तेव्हा तर दोघींनाही ते नांगरापाशीच नेऊन ठेवावेसे वाटले. १७८४ साली जॉन पामर यांच्या योजनेनुसार ब्रिस्टलहून लंडनला टपालाची पहिली घोडागाडी धावली. पुढे अशा गाड्यांना चार घोडे, पण रोमसारखे एका ओळीत नव्हेत. दोघांच्या पुढे दोघे. चाकांजवळच्या जोडीला ते ‘व्हीलर’ म्हणतात. या दोघांच्या मधून गाडीची एकच लांब दांडी जाते, गाडी वळवणं आणि उतारावर रोखून धरणं त्यांचं काम. पुढचे दोघे ‘लीडर’. त्यांच्या अंगावर वजन नाही, ते फक्त ओढतात आणि वाट धरतात.

या संचाचं इंग्रजी नाव ‘फोर-इन-हँड’. चौघांच्या वाद्या कोचवानाच्या एका डाव्या हातात असतात म्हणून. पुढच्या डाव्या घोड्याची वादी तर्जनीवरून येते. तर्जनी आणि मधलं बोट यांच्या बेचक्यात वर पुढच्या उजव्याची, तिच्याखाली मागच्या डाव्याची. मागच्या उजव्याची त्याच्या पुढच्या बेचक्यात. उजवा हात चाबकासाठी आणि वळणावर वाद्या सारख्या करण्यासाठी मोकळा. पुढच्या जोडीला वळवायचं असलं की तिची वादी थोडी ओढून अंगठ्याखाली दुमडून धरायची. मी चार दोऱ्या घेऊन आत्याच्या हातात तशा लावून दाखवल्या. तिने त्या मुठीत धरून हलवून पाहिल्या. कुठली दोरी कुठल्या घोड्याची, हे न बघता तिला लगेच सांगता आलं.

“म्हणजे रोमनांनी जुवावरून नाव ठेवलं, यांनी हातावरून,” ती म्हणाली. “आणि ओझं वाहणाऱ्याला यांनी ‘चाकाजवळचा’ म्हटलं, मान मात्र पुढे धावणाऱ्याला दिला. आपल्याकडे उलट आहे. आपण समाजधुरीण म्हणतो. धुरीण म्हणजे धुरा वाहणारा, मागच्या जोडीतला.” हे सांगताना तिला खरोखर आनंद झाला होता. मलाही झाला.

पण तिची शब्दांची रांग मात्र इथेच मोडली, असं माझं मत आहे आणि ते मी तिला सांगितलं. तीन घोडे शेजारी शेजारी असले तर ट्रॉयका. चाकांजवळ दोन आणि त्यांच्या पुढे एकटा असला तर इंग्रजीत ‘युनिकॉर्न’, कारण पुढचा एकटा एखाद्या शिंगासारखा दिसतो. तिघेही एकामागे एक असले तर त्याला तिसरं नाव. दोन घोडे शेजारी म्हणजे जोडी, तेच मागेपुढे म्हणजे ‘टँडेम’. टँडेममधल्या पुढच्या घोड्याच्या दोन्ही बाजूंना कुणी नसतं. तो मनात आलं तर गर्रकन मागे वळून कोचवानाच्या तोंडाकडे बघत उभा राहू शकतो, म्हणून ती हाकायला फार अवघड. रशियातही हिवाळ्यात बर्फातली वाट अरुंद झाली की घोडे एकामागे एक जुंपायचे, आणि तसं जुंपण्याला हंसावरून नाव. रानहंस रांगेने चालतात तसे. या सगळ्यांना त्र्यश्व आणि द्व्यश्व म्हणत बसलो, तर रुंद मैदान, अरुंद वाट, चढ, बर्फ, ज्यामुळे घोडे तसे जुंपले गेले ते सगळं हातचं जाईल.

“तुझे उसने शब्द तरी ते सांभाळतात का?” आत्या मागे हटणारी नव्हती. “युनिकॉर्न म्हटलं की आजच्या मुलाला शंभर कोटी डॉलरची कंपनी आठवते. टँडेम म्हटलं की दोघांची सायकल. त्या शब्दांतले घोडे कधीच सुटून गेलेत. मग उसना शब्द घेण्याचा फायदा काय?”

“उसने शब्द मराठीत रुजतात की. बग्गी, फेटण, व्हिक्टोरिया. एकही आपला नव्हता. टांगासुद्धा उत्तरेकडचा.”

“ते शब्द गाडीत बसून आले,” आत्या म्हणाली. “व्हिक्टोरिया मुंबईच्या रस्त्यावर उभी होती. माणसाने तिचं भाडं दिलं, पायरीवर पाय ठेवला, उंचावर बसलेल्या कोचवानाची पाठ बघितली. तेव्हा तो शब्द मराठी झाला. ९ मे १८७४ ला मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. काही ट्रामना एक घोडा, काहींना दोन. ‘ट्राम’ शब्द कुणी समजावून सांगायला लागला नाही. आमच्या नाशकात १८८९ मध्ये शहरापासून रेल्वे स्टेशनापर्यंत ट्राम झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप तिचे सल्लागार इंजिनिअर. हेच पुढे बार्शी लाइट रेल्वेचे. त्या ट्रामचे दोन डबे चार घोडे ओढायचे. नाशिककरांनी चार घोड्यांची ट्राम रोज पाहिली. तुझी ट्रॉयका इथे कुणाच्या दारात आलीय?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुंबईची घोड्यांची ट्राम १९०७ मध्ये विजेवर धावू लागली, नाशिकची ट्राम १९३०च्या दशकात बंद झाली, आणि २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या. वस्तू गेल्या तरी शब्द राहिले, कारण आधी वस्तू होत्या. ट्रॉयकाच्या बाबतीत मी नुसता शब्द आणून वाचकापुढे ठेवत होते. २०२४ च्या प्रजासत्ताक दिनी राष्ट्रपती चाळीस वर्षांनी पुन्हा बग्गीतून आल्या, तेव्हा मराठीत आपण ‘सहा घोड्यांची बग्गी’ म्हणून मोकळे झालो. सहा घोडे जोड्यांनी मागेपुढे होते की एका ओळीत, हे त्या शब्दांत नव्हतं, आणि ते चित्र पाहणाऱ्याला त्याची गरजही नव्हती. बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग वेशीवरच्या मूर्तीलाही ‘चार घोड्यांचा रथ’ म्हटलं की पुरतं. कादंबरीत मात्र चित्र नसतं. तिथे शब्दालाच दाखवावं लागतं.

मग आम्ही दोघी वाक्यं घेऊन बसलो. माझ्या खर्ड्यात मधल्या घोड्यासाठी ‘दांडीतला घोडा’ होतं. आत्याने ते खोडून ‘धुरेचा घोडा’ केलं. शब्द मराठी, धुरा सांभाळणं सगळ्यांना माहीत, आणि मागे थेट शैब्यापर्यंत जाणारा. मला तो कानाला फार आवडला. तरी काहीतरी खटकत होतं. मी कागदावर दोन चित्रं काढली. एकात टांग्यासारख्या दोन दांड्या आणि त्यांच्या मध्ये एक घोडा. दुसऱ्यात बैलगाडीसारखं मध्ये एकच लाकूड आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन जनावरं.

“धुरा कुठल्या चित्रात आहे?” मी विचारलं.

“दुसऱ्या,” आत्या म्हणाली. “धुरेला जोडी लागते. शैब्याला सुग्रीव आहे. टपालगाडीच्या चाकाजवळच्यांची जोडी आहे.” पहिल्या चित्रावर बोट ठेवून ती म्हणाली, “हा एकटाच आहे. याला धुर्य म्हणता येणार नाही.”

तिने स्वतःची दुरुस्ती स्वतः खोडली आणि माझाच शब्द थोडा बदलून परत लिहिला : ‘दांड्यांमधला घोडा’. ‘दांडीतला’ म्हटलं की एकच दांडी वाटते, इथे दोन आहेत. कडेच्या दोघांसाठी तिने प्रष्टि सोडून दिला, मी ‘बाजूचा’ सोडून दिला, आणि ‘कडेचा’ ठेवला. बाजूचा घोडा शेजारच्या गाडीचाही असू शकतो, कडेचा मात्र याच संचातला. उद्या कुणी रोमची शर्यत किंवा इंग्रजांची टपालगाडी मराठीत आणली तर तिथे ‘धुरेची जोडी’ म्हणता येईल. पुढच्या जोडीला नांगरकऱ्यांसारखं ‘पुढची जोडी’ पुरेल. या चार-पाच साध्या शब्दांत जगातल्या बहुतेक जुंपण्या सांगता येतात, असं माझं आता ठाम मत झालंय. त्यातला कुठलाही शब्द कोशातून उकरून काढावा लागत नाही.

ट्रॉयकाचा निकाल मात्र लागला नाही. पहिल्या भागाच्या अखेरीस गोगोल सगळ्या रशियालाच भरधाव ट्रॉयका म्हणतो. तिथे तो शब्द गाडीचाही नाही, घोड्यांचाही नाही. तिथे मी तो तसाच ठेवणार आहे, आणि त्याआधीच्या अडीचशे पानांत दांड्यांमधला आणि कडेचे दोघे इतक्या वेळा भेटलेले असतील की तोपर्यंत वाचकाला तिघांची दौड ओळखीची झालेली असेल, असा माझा भरवसा आहे. आत्याचं म्हणणं, वाचकाला इतकं चालवून आणल्यावर शेवटी परका शब्द हातात देऊ नये. तिने त्या पानावरची पेन्सिलीची खूण पुसली नाही. तिच्या खुणेसकट ते पान मी संपादकांकडे पाठवलंय. दुगासाठी ‘कमान’ लिहिलं आहे, आणि चर्मकामाच्या शब्दांसाठी कोल्हापूरच्या एका खोगीर करणाऱ्या कारागिराला विचारायचं ठरवलं आहे. ओढायच्या पट्ट्याला तो काय म्हणतो, ते कळलं की तिसऱ्या प्रकरणातली ठिपक्यांच्या घोड्याची ती दोन वाक्यं पुन्हा लिहावी लागतील.